लघवीच्या जळजळीवर पहिली गोळी कोणती?

बाईला लघवीला आग होते, सारखं जावंसं वाटतं, ओटीपोटात दुखतं. पण ताप नाही, कुशीत कळ नाही, ती गरोदरही नाही. मूत्राशयाच्या अशा साध्या संसर्गावर पहिली गोळी नायट्रोफ्युरँटॉइनची असावी, असं माझं ठाम मत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात प्रत्यक्षात हातावर पडते ती सेफिक्झिम नाहीतर ओफ्लॉक्सासिन, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच गोळीत. डॉक्टर आणि पेशंट यांचं ते बघून घेतील, असं म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. पित्ताची गोळी चुकली तर त्रास त्या एका माणसाला होतो. अँटिबायोटिक चुकलं की त्या औषधाला न जुमानणारे जंतू पोटात वाढतात, तिथून संडासात, गटारात, पाण्यात जातात, आणि ज्याने आयुष्यात ती गोळी घेतलेली नाही त्यालाही गाठतात.

वडगाव-शहापूरकडच्या एखाद्या मेडिकलपाशी संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं तर सगळं दिसतं. एखादी बाई गर्दी ओसरायची वाट बघत बाजूला थांबलेली असते. मग पुढे होऊन हळूच म्हणते, "अण्णा, लघवीला आग व्हायलीय बघा, दोन दिवसाच्या गोळ्या द्या." काउंटरवरचा मुलगा जास्त विचारत नाही, आणि तिलाही चारचौघांत विचारलेलं नको असतं. ताप येतो का, दिवस गेलेत का, याआधी कधी झालं होतं, शुगर आहे का, यातलं काहीच निघत नाही. दहाच्या पट्टीतून तो कात्रीने चार गोळ्या कापतो, सोबत लघवी साफ होण्याची पातळ औषधाची बाटली देतो. कापलेल्या तुकड्यावर औषधाचं अर्धंच नाव येतं. मुदतीची तारीख उरलेल्या पट्टीवर राहते, आणि चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये हे सांगण्यासाठी छापलेली लाल रेघही बहुतेक वेळा दुकानातच राहते.

दोन दिवसांत आग कमी होते. काही दिवसांनी पुन्हा सुरू होते. मग दुसरी गोळी, जास्त पॉवरची.

यात त्या बाईला दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने असते. दवाखान्यात अर्धा दिवस गेला की तेवढ्या विड्या कमी आणि तेवढे पैसे कमी. वडगावात मागावर बसणारीचं तेच, आणि खानापूरकडे रोप लावणीच्या दिवसांत शेतातून उठून दवाखाना गाठायचा म्हणजे त्या दिवसाचा पगारच बुडाला. सरकारी दवाखान्यात त्या दिवशी डॉक्टर बाई असतीलच असं नाही, आणि पुरुष डॉक्टरपुढे हे दुखणं सांगायला अजूनही जीभ रेटत नाही. मेडिकल रात्री नऊपर्यंत उघडं असतं, तिथे नंबर लावावा लागत नाही. तिची निवड तिच्या परिस्थितीत अगदी बरोबर आहे. चुकीची आहे ती तिला मिळणारी गोळी, आणि त्या गोळ्यांची संख्या.

मी बेळगावात एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं काम करते. लघवीचा नमुना आला की तो आम्ही प्लेटवर पसरतो, रात्रभर उबेत ठेवतो. सकाळी जंतूंचे पुंजके, म्हणजे पिवळ्या वसाहती दिसल्या की बहुतेक वेळा ई. कोलाय हाच जंतू असतो. जगभर साध्या मूत्रसंसर्गात चारातल्या तीन वेळा तरी तोच निघतो. मग दुसऱ्या प्लेटवर त्या जंतूंचा पातळ थर देऊन त्यावर औषधांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि पुन्हा एक रात्र थांबायचं. दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडाकडे धरली की उत्तर डोळ्यांनी दिसतं. ओफ्लॉक्सासिनच्याच जातीच्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीला अगदी चिकटून जंतूंचा पांढुरका थर वाढलेला असतो. सेफिक्झिमच्या भोवतीही बऱ्याचदा तसंच. नायट्रोफ्युरँटॉइनच्या चकतीभोवती मात्र स्वच्छ गोल मोकळा असतो. स्केल लावून तो गोल १७ मिलिमीटर किंवा जास्त भरला तर औषध चालतं असं धरतात, आणि बहुतेक वेळा तो भरतो. हे एकट्या आमच्या लॅबचं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद देशभरातल्या मोठ्या रुग्णालयांतून दरवर्षी जी माहिती गोळा करते, तिच्यातही लघवीतल्या ई. कोलायवर सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफॅलोस्पोरिनं, म्हणजे सेफिक्झिमच्या जातीची औषधं, दुबळी पडलेली दिसतात आणि नायट्रोफ्युरँटॉइन टिकून असलेलं दिसतं.

इथे एक सांगायला हवं. लॅबपर्यंत नमुना येतो तो बहुधा दोन-तीन औषधं फसल्यावर. त्यामुळे आमच्या प्लेटवर दिसणारं चित्र गावातल्या खऱ्या चित्रापेक्षा थोडं जास्त काळं असतं. पण त्या काळ्या चित्रातही जे औषध चालतं, ते साध्या पेशंटमध्ये चालेलच, असा अर्थ मी त्यातून काढते.

हे औषध १९५३ सालापासून वापरात आहे. सत्तर वर्षांनंतरही जंतूंनी त्याच्यावर मात का केली नाही, याचं कारण त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. बहुतेक अँटिबायोटिकं जंतूच्या एखाद्याच ठिकाणी घाव घालतात. जंतूने ते एक ठिकाण बदललं की औषध निकामी. नायट्रोफ्युरँटॉइनला जंतूचीच विकरं (एन्झाइम) मोडून तीव्र रसायनांचं रूप देतात, आणि ती रसायनं त्याची प्रथिनं, डीएनए, रायबोसोम अशा अनेक ठिकाणी एकदम मारा करतात. एवढी ठिकाणं एकाच वेळी बदलणं जंतूला जड जातं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हे औषध आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं, रक्तात जेमतेम राहतं आणि मूत्रपिंडातून भराभर लघवीत उतरतं. जिथे संसर्ग तिथे भरपूर, बाकी शरीरात जवळजवळ नाही. खालच्या आतड्यातल्या कोट्यवधी जंतूंना त्याची झळ फारशी लागत नाही, म्हणून तिथे औषधाला दाद न देणारी जात तयार होत नाही.

सेफिक्झिम याच्या उलट. ते पोटातून फिरतं, तिथल्या जंतूंना शिकवतं. आणि सेफिक्झिमची आपल्याला दुसरीकडे फार गरज आहे. पावसाळ्यात आपल्या भागात टायफॉईड डोकं वर काढतो. त्याच्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन आता देशात भरवशाचं राहिलेलं नाही, म्हणून सेफिक्झिम, त्याच्याच जातीचं सेफ्ट्रियाक्झोन आणि ॲझिथ्रोमायसिन यांच्यावर सगळी भिस्त आहे. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ साली सेफ्ट्रियाक्झोनलाही न जुमानणारा टायफॉईड सुरू झाला आणि देशभर पसरला. तिथे तोंडावाटे घ्यायचं जवळपास ॲझिथ्रोमायसिन तेवढंच हाताशी उरलं. हे आपल्याकडे व्हायला नको असेल तर सेफिक्झिम लघवीच्या साध्या जळजळीवर उधळू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अँटिबायोटिकांचे तीन गट केले तेव्हा नायट्रोफ्युरँटॉइन पहिल्या गटात, म्हणजे सहज वापरावं अशा औषधांत ठेवलं. सेफिक्झिम आणि सिप्रोफ्लॉक्सासिन दुसऱ्या गटात आहेत, म्हणजे जपून वापरायच्या औषधांत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर २०१६ साली बजावलं की साध्या मूत्रसंसर्गाला दुसरं औषध उपलब्ध असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधं देऊ नयेत. स्नायुबंध, नसा आणि मेंदू यांवरचे त्यांचे दुष्परिणाम फायद्यापेक्षा जड आहेत.

एकाच डोसात काम होतं म्हणून फॉस्फोमायसिनची पुडी द्यावी, असंही काही डॉक्टर म्हणतात. कामावरून सुट्टी न मिळणाऱ्या बाईसाठी ही सोय मोठी आहे, हे मला मान्य आहे. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्वित्झर्लंड, पोलंड आणि इस्रायलमधल्या ५१३ स्त्रियांवर दोन्ही औषधं ताडून पाहिली गेली. अठ्ठावीस दिवसांनी पाच दिवस नायट्रोफ्युरँटॉइन घेतलेल्यांपैकी ७० टक्के पूर्ण बऱ्या होत्या, फॉस्फोमायसिनच्या एका डोसावर ५८ टक्के. फॉस्फोमायसिन मागे ठेवावं, हेच बरं.

आता या गोळीच्या मर्यादा. त्या न सांगता हिची बाजू घेणं मला धोक्याचं वाटतं. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत कळ, उलट्या असतील तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असतो. तिथे ही गोळी उपयोगाची नाही, कारण ती रक्तात आणि मूत्रपिंडाच्या मांसात पुरेशी पोचतच नाही. अशा वेळी दवाखाना गाठलाच पाहिजे. मूत्रपिंडं बरीच अधू झालेल्या माणसाला ती देऊ नये. पुरुषाला लघवीचा संसर्ग झाला तर तो साधा धरूच नये, प्रोस्टेटमध्ये ही गोळी पोचत नाही. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि दिवस भरत आले की मुळीच नाही. नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. महिनाभराच्या आतलं बाळ अंगावर पीत असेल तरीही टाळावी. काही माणसांत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मजात कमी असतं, त्यांनाही ती चालत नाही. आणि महिनोन्‌महिने ही गोळी चालू ठेवली तर फुप्फुसं, यकृत, नसा यांना इजा होऊ शकते. मी जी बाजू मांडते आहे ती पाच दिवसांच्या कोर्सची, शंभर मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, म्हणजे एकूण दहा गोळ्या. चार नव्हे.

त्या पातळ औषधाच्या बाटलीबद्दलही बोलायलाच हवं. लघवीची आग कमी व्हावी म्हणून देतात ती सिरपं बहुधा सायट्रेटची असतात, लघवीतलं आम्ल ती कमी करतात. नायट्रोफ्युरँटॉइनला आम्लधर्मी लघवी लागते, तिच्यातच ते जोमाने काम करतं. म्हणजे चिठ्ठीवर योग्य गोळी लिहायची आणि तिच्याच खाली तिचा जोर कमी करणारी बाटली लिहायची, हा प्रकार चांगल्या दवाखान्यांतूनही चालू आहे. पित्तावर घेतात त्या मॅग्नेशियम ट्रायसिलिकेटच्या औषधांनीही ही गोळी नीट शोषली जात नाही. धण्या-जिऱ्याचं पाणी, ताक, वाळ्याचं पाणी बायका घरी घेतात, ते खुशाल घ्यावं. पाणी पोटात जातं हेच चांगलं.

पाच दिवस पूर्ण का होत नाहीत, याचं एक कारण आमच्या लॅबमध्ये नमुना द्यायला आलेल्या बायकांच्या बोलण्यातून मला कळलं. ही गोळी सुरू केली की लघवी गडद पिवळी, तपकिरी होते. त्याने काही बिघडत नाही, गोळी थांबली की रंग जातो. पण हे कुणी सांगितलेलं नसतं. पहाटेच्या अंधुक उजेडात तो रंग बघून "रगत पडायलंय" म्हणून घाबरलेली बाई तिसऱ्या गोळीलाच कोर्स सोडते. घरातल्या सासूबाईही सांगतात, गोळी गरम पडली, सोडून दे. तिच्या जागी मी असते, मला काही सांगितलं नसतं, तर मीही सोडलीच असती.

हे तिला कुणी आणि कुठल्या भाषेत सांगायचं, हा सीमाभागातला खरा प्रश्न आहे. गोळीच्या पाकिटावर इंग्रजी. सरकारी दवाखान्यातल्या भिंतीवरचे फलक कन्नडमध्ये. वाचता येतं ते मराठी. मी हे भाषेच्या वादात तेल ओतायला लिहीत नाही. आमच्याकडच्या कितीतरी कन्नड नर्स पेशंटशी अस्खलित मराठी बोलतात आणि आशा कार्यकर्त्या तर दोन्ही भाषांत सहज वावरतात. तोंडी सांगणं होतंच, गर्दी नसेल तेव्हा. पण पाच दिवस, दहा गोळ्या, जेवणानंतर, रंग बदलला तर घाबरू नका, ताप आला तर परत या, एवढं सांगणारा एक कागद दोन भाषांत छापून प्रत्येक पाकिटाबरोबर द्यायला काय हरकत आहे? भाषिक अल्पसंख्याकांचं प्रमाण १५ टक्के किंवा जास्त असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे राष्ट्रीय पातळीवर फार पूर्वी ठरलेलं आहे. औषध कसं घ्यायचं यापेक्षा महत्त्वाची सूचना कोणती असू शकते?

कायदा नाही असं नाही. सेफिक्झिम औषध नियमांच्या एच-वन यादीत आहे. मार्च २०१४ पासून ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि विकलं की पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. केरळने जानेवारी २०२४ मध्ये चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर अचानक तपासण्या सुरू केल्या. आपल्याकडेही तशी धडक हवी, असं पुष्कळ डॉक्टरमित्र म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. सेफिक्झिम, ओफ्लॉक्सासिन आणि त्यांच्या जोडगोळ्या काउंटरवरून बंद झाल्याच पाहिजेत. पण त्याच दिवशी कणकुंबी-जांबोटीकडच्या बाईला दुसरी वाट दाखवली नाही, तर तिच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की उपचार बंद झाला. ती आग सोसत राहील आणि संसर्ग मूत्रपिंडात चढल्यावर तिला बेळगावला आणावं लागेल.

इंग्लंडने ३१ जानेवारी २०२४ पासून एक वाट काढली आहे. सोळा ते चौसष्ट वर्षांच्या स्त्रीला साधा मूत्रसंसर्ग असेल तर डॉक्टरकडे न जाता थेट मेडिकलमधला फार्मासिस्ट ठरलेले प्रश्न विचारतो, बाजूच्या खोलीत बसवून. ताप, गरोदरपण, वारंवार होणारा त्रास, यांपैकी काही निघालं तर डॉक्टरकडे पाठवतो. नाहीतर नायट्रोफ्युरँटॉइनचा ठरलेला कोर्स देतो, नोंद डॉक्टरकडे जाते. तिथे कोर्स तीन दिवसांचा आहे, अमेरिकेतल्या मार्गदर्शनात पाच दिवसांचा. आपल्याकडची मेडिकलं अशी नाहीत, कित्येक ठिकाणी परवाना एकाच्या नावावर आणि काउंटरवर दुसराच मुलगा, हे मला माहीत आहे. म्हणून आपण हे काम आधी गावातल्या आरोग्य उपकेंद्रापासून सुरू करावं. तिथल्या नर्सकडे लघवीत बुडवून तपासायच्या पट्ट्या असाव्यात, प्रश्नांचा एक कागद असावा आणि प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून देता येईल असा दहा गोळ्यांचा साठा असावा. नायट्रोफ्युरँटॉइन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेच. बाईपाशी बाईने हे विचारलं की उत्तरंही खरी मिळतात.

आणि पाणी. २०१८ साली १४० स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात, वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं, तर वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, नेहमीइतकंच पाणी पिणाऱ्यांना ३.२ वेळा. हा सल्ला प्रत्येक डॉक्टर देतो. पण शेतात, वीटभट्टीवर, आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणारी बाई सकाळपासून मुद्दाम पाणी पीत नाही, कारण तिला जायला जागा नाही. कारखान्यांत स्वच्छतागृहाची सक्ती १९४८ च्या कारखाना कायद्यापासून आहे. बाजारात बसणारीला आणि घरी विड्या वळणारीला त्या सक्तीचा उपयोग होत नाही. तिला "ताई, पाणी जास्त प्या" म्हणणाऱ्या प्रत्येकाने त्याच दमात नगरपालिकेकडे बाजारातल्या बायकांच्या मुतारीची मागणी करायला हवी. पाण्याची टाकी आणि आतून लागणारी कडी असलेली मुतारी. मी ती मागणी प्रत्येक ठिकाणी करते, इथेही करते.

राहिला प्रश्न पुराव्याचा. नायट्रोफ्युरँटॉइन बेळगाव जिल्ह्यात किती चालतं, हे कुणी विचारलं तर उत्तर इथल्याच लॅबांच्या रजिस्टरांत पडून आहे. जिल्हा रुग्णालय, मेडिकल कॉलेजं, खासगी लॅब, सगळीकडे रोज चकत्यांचे गोल मोजले जातात आणि एकेका पेशंटच्या रिपोर्टवर लिहून विसरले जातात. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी प्रत्येक लॅबकडून दर सहा महिन्यांनी लघवीतल्या ई. कोलायचे आकडे मागवावेत, नावं काढून एकत्र करावेत आणि कुठलं औषध शंभरातल्या किती नमुन्यांवर चाललं हे कन्नड आणि मराठीत छापून प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर, प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर पोचवावं. पहिल्यांदाच संसर्ग झालेल्या पेशंटचे आणि औषधं घेऊन आलेल्यांचे आकडे त्यात वेगळे दाखवावेत, नाहीतर चित्र चुकेल. आमच्या लॅबचे आकडे द्यायला मी तयार आहे.